कोरा खवला

घड्याळजींच्या दुकानात दोन कामं चालत, पण पाटीवर एकच लिहिलेलं होतं: घड्याळदुरुस्ती. दुसरं काम पाटीवर लिहायची सोय नव्हती. लिहिलं असतं, तर गिऱ्हाइकांनी आपली घड्याळं मुकाट्यानं दुसरीकडे नेली असती. घड्याळजी माशांची वयं सांगत.

त्यासाठी त्यांना अख्खा मासा लागत नसे. नखाएवढा खवला पुरे. ज्या भिंगातून ते घड्याळाच्या पोटातली चाकं बघत, तेच भिंग डोळ्याला अडकवून ते खवला काचेवर ठेवत, खालून दिवा लावत आणि श्वास रोखून मोजत. झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक कडं वाढतं, तसंच खवल्यातही वाढतं. थंडीच्या महिन्यांत मासा कमी खातो, हळू वाढतो. मग खवल्यावरच्या बारीक रेघा दाटीवाटीनं बसतात आणि तिथे एक काळसर कडं उमटतं. एक कडं म्हणजे एक वर्ष. माशाला आपलं वय चोरता येत नाही, असं घड्याळजी म्हणत आणि बायकोकडे बघून गप्प बसत.

मासा कुठलाही चालायचा नाही. खाडीतला जिताडाच हवा. रुपेरी अंगाचा, खालचा जबडा पुढे काढलेला, रागावलेल्या हेडमास्तरांसारख्या तोंडाचा. खाडीत गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, खारफुटीची मुळं चिखलात उभी असतात, तिथे तो वाढतो. मोठा झाला की पुलाच्या खांबाआड सावलीत उभा राहतो, तोंड प्रवाहाकडे करून. शिकारीमागे धावायचा त्याला कंटाळा. पाणी वाहून आणेल ते गपकन गिळायचं.

हे सगळं चिमटीला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. चिमटी म्हणजे घड्याळजींची नात, अकरा वर्षांची. दुकानात काही बारीकसं खाली पडलं की ते ती दोन बोटांत अलगद उचलून द्यायची, म्हणून आजोबांनी तिचं हे नाव ठेवलं. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. तिचे आईबाबा दोघंही दवाखान्यात पाळीवर असत, त्यामुळे शाळा सुटली की ती दुकानात, नाहीतर वर आजीपाशी. दुकान खाली, घर वर, मध्ये चौदा पायऱ्या.

त्या चौदा पायऱ्यांनीच घोळ केला. म्हणजे आजोबा तसं म्हणत. डॉक्टरांचं म्हणणं होतं की गुडघा गेली दहा वर्षं कुरकुरत होता आणि आजोबा ऐकत नव्हते. शेवटी ऑपरेशन झालं. गुडघा वाकायला लागला, पण पुलाखालच्या शेवाळलेल्या दगडांवर उतरायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. ती ताकीद डॉक्टरांनी आजोबांना दिली आणि जपून ठेवायला आजीकडे दिली.

आजोबा तीन दिवस एकच घड्याळ उघडत आणि मिटत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी खणातून वही काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि सांगितलं की वही मत्स्यसंशोधन केंद्रातल्या बाईंना देऊन टाकायची. बाई दरवर्षी मासेमारी बंद व्हायच्या सुमारास येत आणि वहीतले आकडे उतरवून नेत. या सोमवारी येतील तेव्हा वहीच घेऊन जातील. आपल्या हातून नवी नोंद व्हायची नाही, आणि जिच्यात नवी नोंद होत नाही ती वही म्हणजे बंद पडलेलं घड्याळ.

ती वही सव्वीस वर्षांची होती. तिच्यात दोनशे चौदा जिताडे होते आणि ते सगळे पुन्हा पाण्यात सोडलेले. प्रत्येकाची तारीख, भरती का ओहोटी, पुलाचा कितवा खांब, लांबी, आणि शेजारी घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या कागदी पुडीत तीन खवले. एका ओळीत एक मासा. चिमटीला अक्षर ओळखता यायच्या आधीपासून तिला ती वही हवी होती. ती वाचायला नको होती. तिच्यात लिहायचं होतं.

तिनं तसं सांगितलं. रडली नाही, भांडली. तिला गळाची काठी फेकता येते, गाठी येतात, भिंग लावता येतं, मग वही बाईंना का? आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. नातीवर त्यांचा जीव होता, पण वहीपुढे ते कुणाचे आजोबा नसत. एक नोंद कच्ची निघाली की माणूस बाकीच्या दोनशे चौदांकडेही संशयानं बघतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी अट घातली. मासेमारी रविवारी बंद होतेय, कारण त्यानंतरचे महिने जिताड्यांच्या अंड्यांचे. तोवर चिमटीनं एक नोंद आणावी, नियमाप्रमाणे. लांबी मोजलेली, जागा लिहिलेली, तीन खवले, तेही डाव्या बाजूचे, कल्ल्यामागचा पंख अंगाला चिकटवला की जिथे त्याचं टोक येतं त्याच्याखालचे. आणि मासा जिवंत परत गेला पाहिजे. नोंद पक्की असेल तर वही तिची. नसेल तर बाईंची.

“तीनच का?” चिमटीनं विचारलं होतं, कधीतरी फार पूर्वी.

“एखादा कोरा निघतो म्हणून,” आजोबांनी सांगितलं होतं. “माशाला कुठे खरचटतं, खवला पडतो. त्याच्या जागी नवा उगवतो, पण घाईघाईनं. मधली वर्षं त्याच्यावर उमटलेलीच नसतात. मधोमध नुसती काच.”

माशाच्या कानात हाडासारखे बारीक खडे असतात, त्यांच्यावरही अशीच कडी असतात आणि ती खवल्यापेक्षा बिनचूक, हेही चिमटीला माहीत होतं. पण खडा काढायचा तर मासा मारावा लागतो. आजोबांनी एकदाच तसं केलं होतं, तरुण असताना. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला, असं आजी सांगायची आणि आपल्याच बोलण्यावर दर वेळी नव्यानं हसायची.

शनिवारपर्यंत काही लागलं नाही. दोन खेकडे, एक चप्पल आणि हातभर लांबीची निराशा. रविवारी पहाटेची गाडी फिरवून मावशी परत आली, तेव्हा नुकतं फटफटलं होतं. मावशी म्हणजे आजोबांची धाकटी मुलगी. ती बेकरीची गाडी चालवायची, त्यामुळे तिच्या अंगाला कायम ताज्या पावाचा वास येई आणि जिभेला कायम धार असे. तिनं गाडी पुलाशी लावली, गाडीच्या मागून ओलं गोणपाट काढलं आणि चिमटीला बजावून सांगितलं की आज मासा लागला नाही तर तिनं स्वतः पाण्यात उतरावं, खवले काढायला मावशी आहेच.

दोघी दगडांवर उतरल्या. ओहोटी नुकती लागली होती. पाणी खारफुटीतून बाहेर पडायला लागलं की त्याच्याबरोबर कोळंबी, बारकी मासळी, सगळा खाऊ वाहत पुलाकडे येतो. तिसऱ्या खांबाच्या मागे पाणी एक गिरकी घेतं. आजोबा म्हणत, तू जिताडा असतीस तर कुठे उभी राहिली असतीस, तिथे टाक. चिमटी जिताडा असती तर त्या गिरकीच्या कडेला उभी राहिली असती. तिनं आजोबांची गळ लावलेली लाकडी मासोळी दोरीला बांधली. आजोबांनी ती स्वतः कोरली होती आणि तिच्या पोटात मनगटी घड्याळाचे दोन स्क्रू घातले होते. ओढली की आतून टिकटिक वाजायची. खाडीतल्या माशांना वेळ कळावी म्हणून, असं मावशीचं मत.

सातव्या फेकीला मासोळी खांबाच्या सावलीत शिरली आणि थांबली. चिमटीला वाटलं, दगडात अडकली. मग दगड चालायला लागला.

“काठी वर,” मावशी शांतपणे म्हणाली. “ओढू नकोस. जाऊ दे त्याला.”

दोरी सरसर सुटत गेली. मावशीनं मागून चिमटीच्या कमरेला विळखा घातला, मोठ्या गाडीचं स्टिअरिंग धरावं तसा. पाणी फुटलं आणि अख्खा जिताडा हवेत उभा राहिला, तोंड उघडं, डोकं डावीकडे उजवीकडे झटकत, जणू कुणी विचारलेल्या प्रश्नाला नाही नाही म्हणतोय. एवढा मोठा मासा तिनं वहीतसुद्धा पाहिला नव्हता. तो पडला, खाली गेला, खांबाकडे धावला. खांबाला शिंपले चिकटलेले होते, दोरी एकदा त्यांना घासली की संपलं. चिमटीनं काठी आडवी केली आणि दगडावरून दोन पावलं खाली उतरली. मावशीला तिच्याबरोबर उतरावंच लागलं. पाणी मावशीच्या बुटात गेलं. त्याबद्दल ती जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

किती वेळ गेला ते घड्याळजीच सांगू शकले असते. शेवटी मासा कुशीवर झाला. मावशीनं हाताला फडकं गुंडाळून त्याचा खालचा ओठ धरला आणि गळ सोडवला. कल्ल्याला हात लावायचा नाही, जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. उजव्या झाकणाला मात्र एक तुकडाच नव्हता, कुणी बिस्किटाचा कोपरा चावावा तशी खाच होती. मावशीनं ती चिमटीला दाखवली आणि म्हणाली, हा कुणाच्या तरी घासातून सुटलाय.

चिमटीनं हात ओले केले. कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच तर त्याचा अंगरखा. गोणपाट ओलं, फीत ओली. सत्त्याण्णव सेंटिमीटर. तिनं पुन्हा मोजलं. सत्त्याण्णव. मग तिनं आजोबांचा घड्याळाचा चिमटा घेतला, पंख अंगाला टेकवला, टोकाखाली पहिला खवला धरला आणि उपसला. मासा थरथरला. कल्ले धापा टाकत होते, आणि प्रत्येक वेळी झाकण जरा कमी उघडत होतं.

दुसरा खवला चिमट्यातून निसटला. तिसऱ्यांदा धरायला गेली तेव्हा माशाच्या डोळ्यावर तिची नजर गेली. डोळा पिवळसर, गोल, तिच्याकडेच होता.

“अजून दोन,” मावशीनं आठवण करून दिली.

चिमटीनं चिमटा खिशात टाकला. “आधी सोडूया.”

“अगं, वही.”

“सोडूया, मावशी.”

मावशीनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि गोणपाटाचं टोक उचललं. दोघींनी मासा पाण्यात धरला, पोटाखाली हात, तोंड प्रवाहाकडे. आत येणारं पाणी कल्ल्यांतून जाऊ लागलं. चिमटीनं मनात साठपर्यंत मोजलं, पुन्हा साठपर्यंत. तिसऱ्या साठीच्या मध्यावर तिच्या तळहातावर ते अंग जड झालं, ताठ झालं, शेपटीचा एक फटका बसला आणि हातात नुसतं पाणी उरलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

दुकानात आजोबा भिंग पुसून बसले होते. सकाळपासून पुसत होते. आजी वरून खाली येऊन स्टुलावर बसली होती, भाजी निवडायला खाली उजेड चांगला म्हणून. चिमटीनं पुडी काचेवर ठेवली आणि न विचारता सगळं सांगून टाकलं: लांबी, खांब, ओहोटी, आणि खवला एकच. का एकच, तेही सांगितलं. आजोबांनी मान हलवली. एकच असला तरी वाचता आला तर बघू, असं ते म्हणाले, आणि चिमटीला वाटलं, सुटले.

त्यांनी खवला धुतला, काचेवर ठेवला, दिवा लावला, भिंग डोळ्याला अडकवलं. दुकानातली घड्याळं टिकटिकत राहिली, प्रत्येक आपापल्या वेळेनं. आजोबांनी खवला फिरवला. पुन्हा फिरवला. मग भिंग काढलं.

“कोरा आहे गं,” ते म्हणाले.

रागावले असते तरी चाललं असतं. पण ते अगदी हळू बोलले, आणि त्यानंच चिमटीचा बांध फुटला. तिनं डोळे पुसायला फडकं घेतलं, ते भिंगाचं निघालं. आजीनं भाजीची परात बाजूला ठेवली आणि नवऱ्याला ऐकवलं की एवढ्याशा पोरीनं पुरुषभर मासा काढला, मोजला, जिवंत सोडला, आणि हे एका खवल्यावरून तिचा निकाल लावतायत. आजोबा म्हणाले, निकाल ते लावत नाहीत, खवला लावतो. यावर आजीनं त्यांना दुपारच्या चहाबद्दल काय सांगितलं ते सोडून देऊ.

दुपारी आजोबा वर जाऊन आडवे झाले. चिमटी खालीच राहिली. उद्या बाई येणार होत्या. वही काउंटरवर होती, तिच्यावर बांधायची नाडीही तयार ठेवलेली. चिमटीनं भिंग डोळ्याला लावलं. वही जायचीच असेल तर जाताना आपल्या माशाचं तोंड तरी नीट बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

खवल्याच्या मधोमध खरंच काही नव्हतं. नुसती पारदर्शक चकती, धुतलेल्या काचेसारखी. पण त्या चकतीच्या बाहेर कडी होती, स्वच्छ, एकामागे एक. तिनं मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच. म्हणजे जुना खवला पडला, नवा घाईनं उगवला, आणि तेव्हापासून सहा थंड्या गेल्या. वय कळत नव्हतं. पण खवला कधी पडला ते कळत होतं.

तिला गंमत वाटली, आणि ती वही चाळायला लागली, आणखी कुणाचा कोरा निघालाय का बघायला. निघाले होते. सव्वीस वर्षांत चार नोंदींपुढे आजोबांच्या बारीक अक्षरात तेच लिहिलेलं: खवले कोरे, वय कळलं नाही. तिनं पहिली पुडी उघडली. तीन खवले, तिन्ही कोरे. दुसरी उघडली. तिन्ही कोरे. चारही पुड्या उघडल्या आणि बाराच्या बारा खवले काचेवर मांडले. बाराही कोरे.

ती चौदा पायऱ्या एका दमात चढली.

“आजोबा, मासा खरचटतो म्हणजे कुठे खरचटतो?”

आजोबांनी एक डोळा उघडला. “कुठेही. खडकाला, जाळ्याला. त्याचा काही नेम नाही.”

“मग दर वेळी तीनच्या तीन खवले कसे पडतात? तेसुद्धा शेजारी शेजारी? आणि डाव्या पंखाच्या टोकाखालीच?”

आजोबांनी दुसरा डोळा उघडला.

“तिथले खवले कोण काढतं, आजोबा?”

मग आजोबा उठून बसले, गुडघ्याची आठवण न ठेवता, आणि गुडघ्यानं ती करून दिली. त्यांनी टेकायची काठी मागितली. आजी म्हणाली, आज पुन्हा पायऱ्या उतरायच्या नाहीत. आजोबा म्हणाले, मग खांद्यावर घेऊन चल. शेवटी वरच जेवायला थांबलेल्या मावशीच्या हाताला धरून ते उतरले आणि दिव्याखाली बसले. बारा खवले त्यांनी एकेक करून पाहिले. मग भिंग काढून काउंटरवर ठेवलं.

“सव्वीस वर्षं,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षं मीच खवले काढत होतो, आणि तोच मासा परत आला की मीच म्हणत होतो, अरेरे, हा कोरा.”

तिथून पुढे दुकानात जे चाललं ते आजीच्या शब्दांत सांगायचं तर लग्नघर. कोऱ्या चकतीबाहेरची कडी मोजायची, तेवढी वर्षं मागे जायचं, आणि त्या वर्षाच्या नोंदींत जुळणारा मासा शोधायचा. पहिला जुळला, त्याच खांबापाशी, चार वर्षं आधी. दुसऱ्याला दोन उमेदवार निघाले, त्यावर आजोबा आणि मावशी यांचं जोरात वाजलं. तिसरा जुळलाच नाही. चौथा जुळला. आजोबांच्या कानाची पाळी लाल झाली होती. घड्याळ दुरुस्त झालं की ती अशी व्हायची.

“आता तुझा,” ते चिमटीला म्हणाले. “सहा वर्षं मागे जा.”

चिमटीनं पानं उलटली. सहा वर्षांपूर्वीच्या त्या मोसमात आठ नोंदी होत्या. त्यातली पाचवी तिनं मोठ्यानं वाचली. तिसरा खांब, ओहोटी. लांबी एकोणपन्नास. नर, पोट दाबल्यावर पांढरं आलं. वय तीन. उजव्या कल्ल्याच्या झाकणाला खाच. इथे तिचा आवाज थांबला, आणि मावशी पुढे वाकली.

“वाच की,” आजी म्हणाली.

शेवटचे शब्द आजोबांच्याच अक्षरात होते, पण जरा वाकडे, जणू कुणी हाताला लोंबकळत असताना लिहिलेले. चिमटी सोबत होती. तिनं माशाचं नाव दादा ठेवलं. त्याला सोडताना रडली.

चिमटीला काही आठवत नव्हतं. म्हणजे फक्त एक गार, ओलं, जोरात हलणारं काहीतरी आठवत होतं, आणि आजोबांच्या मांडीवर उन्हाचा वास. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिला दादा हवा होता. आजूबाजूच्या सगळ्या मुलांना कुणी ना कुणी भावंड होतं.

“एकोणपन्नासचा सत्त्याण्णव झाला,” मावशी म्हणाली. “माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर मावणार नाही दादा.”

“दादा कसला,” आजीनं तिथंच पकडलं. “यांनीच सांगितलंय ना, जिताडा लहानपणी नर असतो, पुढे सहासात वर्षांचा झाला की मादी होतो. एवढा मोठा म्हणजे बाईच. आता पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जाऊन लाखांनी अंडी घालेल. दादाची ताई झाली, चिमटे.”

चिमटी हसली आणि त्याच दमात रडली, आणि या वेळी आजीनं तिला धुतलेलं फडकं दिलं.

आजोबा हसले नाहीत. ते अजून पाचव्या नोंदीवर होते. खाच जुळते, खांब जुळतो, वर्षं जुळतात, हे त्यांनी मान्य केलं. पण खवला एकच, आणि एक खवला खरोखर खडकाला घासूनही पडू शकतो. तीन आणले असतेस तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, असं ते चिमटीला म्हणाले. चिमटीनं सांगितलं की तीन काढले असते तर ताई मेली असती. आजोबांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, तेही खरं. आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

“लिही. पण नीट लिही.”

चिमटीनं दोनशे पंधरावी ओळ लिहायला घेतली. तारीख, ओहोटी, तिसरा खांब, सत्त्याण्णव. लिंगाच्या रकान्यात मादी. वयाच्या रकान्याशी तिचा हात अडखळला. तीन अधिक सहा नऊ, हे तिला शाळेत शिकवलं होतं. पुढचं शाळेत शिकवलं नव्हतं. तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा घड्याळांकडे बघत होते, अगदी मुद्दाम. तिनं लिहिलं: नऊ, बहुतेक.

आजोबांनी वाचलं आणि नाडी उचलून परत खणात टाकली.

मग ते म्हणाले, आता पहिल्या पानावरचा नियम बदलायला हवा, नाहीतर पुढच्या सव्वीस वर्षांत तूही हेच करशील. दोघांनी बसून ठरवलं. पहिल्यांदा भेटलेल्या माशाचे खवले डाव्या बाजूचे, आधीसारखेच. ते पुलाशीच भिंगातून बघायचे. डावीकडे कोरे निघाले तर तो आपलाच, मग एक खवला उजवीकडचा, वयासाठी. एकच? एकच. हा एक शब्द चिमटीनं भांडून मिळवला. आजोबांनी आपल्या जुन्या नियमावर स्वतः रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

सोमवारी बाई आल्या. त्यांच्या खांद्याला मोठी कापडी पिशवी होती, वहीसाठी आणलेली. आजोबांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा सांगितला, गुडघ्याची सगळी हकीकत सांगितली. चार कोऱ्या पुड्यांची हकीकतही सांगितली, तेव्हा बाई अर्धा कप चहा विसरल्या. त्यांच्या केंद्रात खुणेच्या चिठ्ठ्या लावून मासे सोडतात, त्यातल्या फार थोड्या परत मिळतात, आणि इथे बिनचिठ्ठीचे परत येऊन गेले. वही कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

“जिची आहे तिला विचारा,” आजोबा म्हणाले आणि एका बंद पडलेल्या घड्याळाचं पोट उघडायला लागले.

बाई वळल्या. काउंटरमागे चिमटी उभी होती, वही छातीशी धरून. ती बाईंना दोन वर्षांपासून ओळखत होती आणि त्या तिला आवडायच्या, पण वहीपुढे ती कुणाची ओळखीची नव्हती.

“इथेच बसून उतरवून घ्या,” ती म्हणाली. “आधी हात धुऊन या. आणि नीट कोरडे करा.”